जो तपासणीला आला नाही, तो कुठे गेला?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पेढे पोचले, आणि पाठोपाठ तुझा लांबलचक ईमेलही. नव्या नोकरीत औषधांच्या चाचण्यांचे तीन अभ्यास सांभाळायचं काम एकदमच तुझ्या अंगावर आलंय. एक मधुमेहाच्या नव्या गोळीचा, एक दम्याच्या पंपाचा आणि एक गुडघेदुखीच्या इंजेक्शनचा. "सर, तीन आजारांचं सगळं वाचून कधी होणार?" असं विचारलंस. होईल गं. आजाराची माहिती प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात असते, पुस्तकात असते, आणि अडलंच तर मुख्य संशोधक डॉक्टर शेजारच्या खोलीतच बसलेले असतात. बी.फार्म. झालेल्या मुलीला ते महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. मी थबकलो ते तू जाता जाता लिहिलेल्या एका ओळीपाशी. "काही पेशंट दुसऱ्या व्हिजिटला आलेच नाहीत, पण तेवढे ड्रॉपआउट धरलेलेच असतात ना?"

धरलेले असतात, खरं आहे; मधेच गळणारे गृहीत धरून सुरुवातीलाच थोडे जास्तीचे पेशंट घेतात. पण त्याने फक्त आकडा भरून निघतो. गेले ते कोण होते आणि का गेले, हे त्याने भरून निघत नाही. आपल्याकडच्या खानावळीत रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारलं की तांबडा रस्सा कसा असतो, तर तो 'एक नंबर' म्हणणारच. ज्याला तिखट झेपलं नाही तो दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकलेलाच नसतो.

कागद घे आणि मांडून बघ. आकडे मी मनाने घेतोय. नवी गोळी 100 जणांना दिली, तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दुसऱ्या 100 जणांना. नव्या गोळीने मळमळतं म्हणून 20 जण यायचे बंद झाले. उरलेल्या 80 पैकी 60 जणांना बरं वाटलं, म्हणजे 75 टक्के. दुसऱ्या गटातले 5 जण गेले, उरलेल्या 95 पैकी 62 जणांना बरं वाटलं, म्हणजे 65 टक्के. गोळी चांगली ठरली! आता गेलेल्यांना फरक पडला नाही असं धरून सगळे 100-100 मोज. 60 आणि 62. गोळीचा सगळा मोठेपणा त्या 20 जणांच्या न येण्यात होता. म्हणून ज्याला ज्या गटात टाकलं त्याची मोजणी त्याच गटात करायची, मग त्याने गोळी खाल्ली असो वा उकिरड्यावर टाकली असो, असा दंडक आहे. आणि 'असं धरून' म्हणायची पाळी येऊ नये म्हणून त्या माणसांना शोधायचं. पुण्या-मुंबईत बसलेला स्टॅटिस्टिशियन कितीही हुशार असला तरी शोधायला तो येणार नाही. ते काम तुझं.

आता आपल्या जिल्ह्यातला माणूस 'ड्रॉपआउट' होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते सांगतो. हे प्रोटोकॉलमध्ये सापडणार नाही.

शिरोळकडचा माणूस जास्त आजारी पडला की कोल्हापूरला येत नाही, मिरजेला जातो. पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे ती. चंदगड-गडहिंग्लजचा बेळगाव गाठतो, चंदगडचे काही तर सरळ गोव्यात उतरतात. म्हणजे तुझ्या यादीत 'आला नाही' म्हणून जो पडलाय, तो कदाचित बरा होऊन रानात राबत नसेल, मिरजेच्या वॉर्डात सलाईन लावून पडलेला असेल. या भागातून गळणाऱ्यांत बरे झालेले कमी आणि बिघडलेले जास्त, असा माझा अनुभव आहे. उलट करवीर-कागलकडचा, एसटीने अर्ध्या-पाऊण तासात येणारा माणूस येत नाही, तेव्हा बहुतेकदा त्याला बरं वाटलेलं असतं आणि 'आता कशाला खेटे घालायचे' हा हिशेब असतो. फॉर्मवर दोघांचा रकाना एकच.

इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा कामगार आजाराने अडत नाही, खाड्याने अडतो. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. त्याला प्रवासखर्च वेळेवर हातात दे. 'बिलं पास झाली की देऊ' म्हटलंस की तो गेला म्हणून समज. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की शेतकरी ऊसतोडीची वाट बघत असतो. 'तोड आलीया' म्हटल्यावर तुझी व्हिजिट काय आणि आणखी कुणाचं काय, तो फडातून हलणार नाही. पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी आलं की त्या बाजूचे पेशंट तुटतात. आणि सुना. सुनेची तपासणी ही घरातली सगळ्यात शेवटची गोष्ट असते. दम्याच्या अभ्यासात चुलीपुढे बसणाऱ्या बायका गळाल्या तर उरेल तो निकाल कुणाचा, तूच ठरव.

हे सगळं बारीकसारीक वाटतं, पण मोठमोठे निकाल यावरच उभे राहिलेत. क्षयरोगाचंच बघ. एके काळी क्षय म्हटलं की सॅनिटोरियम; आपल्याकडचे लोक मिरजेजवळ वानलेसवाडीला जायचे. चांगलं अन्न, मोकळी हवा, सक्तीचा आराम. घरी ठेवून क्षय बरा होईल यावर फार कुणाचा विश्वास नव्हता. 1956 साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचाराचं केंद्र निघालं. तिथे वॉलेस फॉक्स आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतले रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. निम्मे सॅनिटोरियममध्ये, निम्मे त्यांच्याच दाटीवाटीच्या घरांत. औषधं दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि 'पास' नावाची, वर्षभर. 1959 मध्ये निकाल छापून आला: घरी राहिलेल्यांचा आजारही सॅनिटोरियमवाल्यांइतकाच आटोक्यात आला होता. जगभर क्षयाचा उपचार घरी देण्याची वाट तिथून रुंद झाली.

तो निकाल लोकांनी मानला याचं मोठं श्रेय मी तिथल्या हेल्थ व्हिजिटर बायकांना देतो. त्या न सांगता घरी जायच्या, गोळ्या मोजायच्या, लघवीचा नमुना घेऊन त्यात पास उतरलंय का ते तपासलं जायचं. गोळी घेतली का, या प्रश्नाला आपला माणूस 'व्हय की' असंच म्हणतो, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. मद्रासचाही तसंच म्हणत असणार.

दुसरी गोष्ट हृदयाची. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या ईसीजीत मधूनच जादा ठोके दिसतात, आणि असे ठोके असलेल्यांत अचानक मृत्यू जास्त. मग ते ठोके दाबणारं औषध द्यावं, हे कुणालाही पटेल. एनकायनाइड आणि फ्लेकायनाइड ही औषधं ते काम चोख करत होती. डॉक्टर देत होते, ईसीजी स्वच्छ येत होता, सगळे खूश. अमेरिकेत 'कास्ट' नावाचा अभ्यास झाला. त्यात ज्यांचे ठोके या औषधांनी दबतात अशांनाच घेतलं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांना बिनऔषधाची गोळी दिली. 1989 मध्ये या दोन औषधांपुरता तो मध्येच थांबवावा लागला. 1991 मध्ये पूर्ण आकडे आले: औषध घेणाऱ्या 755 जणांत 63 मृत्यू, बिनऔषधाच्या 743 जणांत 26. सरासरी दहाच महिन्यांत.

एवढे डॉक्टर ही औषधं लिहून देत होते, त्यांच्या हे लक्षात कसं आलं नाही? कारण ओपीडीत जो येतो तो जिवंत असतो आणि त्याच्या हातात सुधारलेला ईसीजी असतो. गेलेला तक्रार घेऊन येत नाही. घरचे म्हणतात, अटॅकचा पेशंट होता, गेला. तुझ्या मधुमेहाच्या अभ्यासात एचबीए1सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, खाली आलेला दिसला की हुरळून जाऊ नकोस. आकडा खाली आलाय, माणूस कसा आहे ते वेगळं विचार.

कोरोनातला प्लाझ्मा तर तू स्वतः पाहिलायस. व्हॉट्सॲपवर रात्री-अपरात्री मेसेज, 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा'. ज्याला मिळाला आणि जो वाचला, त्याची गोष्ट अख्ख्या पेठेत फिरायची. मिळूनही जो गेला त्याची गोष्ट कोण सांगणार? आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने देशभरातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर अभ्यास केला. आजार गंभीर झाला किंवा मृत्यू आला असे प्लाझ्मा दिलेल्यांत 19 टक्के, न दिलेल्यांत 18. हे 2020 च्या ऑक्टोबरमध्येच छापून आलं होतं, तरी सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा निघायला मे 2021 उजाडला. मधल्या काळात नातेवाइकांनी काय काय विकलं असेल, त्याचा विचार करवत नाही.

सगळ्याच आजारांत माणूस हरवण्याचा हा त्रास सारखा नसतो, हेही ध्यानात ठेव. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं काम मन लावून वाच. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध द्यायचं त्यांनी जगाला दाखवून दिलं, तेही तालुक्याच्या गावी, रुग्णाच्या उशाशी बसून. पुढे प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही द्यावं का, हा प्रश्न त्यांनी 70 रुग्णांवर तपासला. 2011 मध्ये तो 'बीएमजे'त आला. दोन्ही दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे, नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8. इथे हरवणार कोण? दहा तास माणूस डोळ्यांसमोर खाटेवर असतो. मधुमेहात तोच निकाल कळायला वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात माणसाचं लग्न होतं, घर बदलतं, नंबर बदलतो.

नंबरावरून आठवलं. पहिल्याच दिवशी दोन मोबाइल नंबर घे, त्यातला एक त्याच घरातला नको. वाडीचं नाव लिही, नुसतं गाव नको. घरी कुणाशी बोललेलं चालेल हे पेशंटलाच विचार आणि लिहून ठेव. शेजाऱ्याने फोन उचलला तर आजाराचं नाव तोंडातून जाता कामा नये. 'दवाखान्यातून बोलतेय, त्यांना फोन करायला सांगा' एवढंच. मग कधीतरी असं उत्तर येईल: "आक्का मिरजंला हाय, आठ दिस झालं, डाक्टरनी ठिवून घेतलंय." तिथे फोन ठेवायचा नाही. कुठल्या तारखेला भरती केलं, कशासाठी, सध्या कोणती औषधं चालू आहेत, डिस्चार्ज कार्डाचा फोटो कोण पाठवेल, हे विचारायचं. भरती व्हावं लागलं म्हणजे ती गंभीर घटना झाली, आपल्या औषधाने झाली असो वा नसो. औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे ती 24 तासांत कळवावी लागते, केंद्रीय परवाना अधिकाऱ्यांना, स्पॉन्सरला (अभ्यास करवून घेणाऱ्या कंपनीला) आणि एथिक्स कमिटीला (पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीला). म्हणून आधी मुख्य संशोधकांना गाठ, चहा नंतर. फोनवर जे ऐकलंस ते तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नातं घालून, त्यांच्याच शब्दांत टिपून ठेव.

आणि कुणी सरळ म्हणालं, 'मला यात राहायचं नाही', तर मागे लागायचं नाही. तो त्याचा हक्क आहे, कारणही द्यायची त्याला गरज नाही. फक्त एक शांतपणे विचारायचं: गोळी बंद केली तरी तब्येत विचारायला मधूनमधून फोन केला तर चालेल का? बरेच जण 'चालंल की' म्हणतात. 'नको' म्हणाला तर 'नको' लिहायचं आणि थांबायचं.

खरं तर हे पळणारे संमतीच्या दिवशीच ओळखू येतात. 'तुमी म्हणताय तर करू या' म्हणत सही करणारा माणूस दुसऱ्या व्हिजिटला दिसत नाही. प्रश्न विचारून भंडावणारा, बायकोला विचारून येतो म्हणून घरी जाणारा, गोळी नकली निघाली तर काय म्हणून वाद घालणारा टिकतो. तेव्हा घाईने सह्या गोळा करू नकोस. महिन्याला इतके पेशंट भरा असा तगादा वरून येईलच. त्याला माझं नाव सांग.

न आलेल्याच्या रकान्यात काय लिहायचं? काही नाही. तो रिकामा ठेवायचा आणि का रिकामा आहे ते शेजारी लिहायचं. कुणी 'मागच्यासारखंच टाक, 130/80' म्हणालं तर हसून मान डोलव आणि टाकू नकोस. स्पॉन्सरकडून नोंदी तपासायला मॉनिटर येतो तेव्हा त्याची नजर आधी शून्याने संपणाऱ्या आकड्यांवर जाते. खरं बीपी 128, 134, 142 असं वाकडंतिकडं येतं; ओळीने 120, 130, 140 दिसले की मोजलंय कमी आणि लिहिलंय जास्त, हे कळतं. चुकलं तर एक आडवी रेघ, सही, तारीख. व्हाइटनर टेबलावर ठेवूच नकोस.

पुढच्या आठवड्यात एक काम कर. तिन्ही प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक व्हिजिट किती दिवस अलीकडे-पलीकडे चालते ते काढ आणि कॅलेंडरवर मांड. जोतिबाची चैत्र यात्रा, गणपती, दिवाळी आणि गळिताचे महिने त्यावर लाल पेनाने आख. ज्यांची तारीख त्यात पडतेय त्यांना आत्ताच फोन करून अलीकडची तारीख दे. चंदगडच्या पेशंटना सकाळी दहाची वेळ देऊ नकोस. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर आदल्या रात्री मुक्कामाची सोय करता येते का ते स्पॉन्सरला लेखी विचार. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. त्या पत्राचा मसुदा मला पाठव, मी बघून देतो.

तुझा,
सर