नैरोबीतल्या आमच्या केनियन कामगारांना पगार महिनाअखेरपर्यंत का पुरत नाही?

पगार बरा असूनही तुमच्याकडचे पुरुष दहा तारखेलाच उचल मागतात, त्यांना बचत शिकवायची कशी, असं तुम्ही विचारलंय. 'यांना बचत माहीतच नाही' हे नैरोबीतल्या आपल्या लोकांचं ठरलेलं वाक्य. मला ते साफ चुकीचं वाटतं.

आधी पगाराची चिठ्ठी बघा. मूळ पगार ५०,००० शिलिंग धरा. निवृत्तिनिधीचे ६ टक्के म्हणजे ३,०००, आरोग्य निधीचे १,३७५, घरकुल निधीचे ७५०, आयकर सुमारे ५,८५०. हातात येतात ३९ हजार. चर्चचा दशमांश मूळ पगारावर काढला तर ५,००० गेले. उरलेल्या ३४ हजारांत भाडं, आईवडील आणि धाकट्या भावंडांची फी. सरकारी वसतिशाळेची फी तीन सत्रांत ५०:३०:२० अशी भरायची, म्हणजे निम्मी एकदम जानेवारीत. त्या महिन्याला तिथले लोक 'न्जानुअरी' म्हणतात. स्वाहिलीत न्जा म्हणजे भूक.

आणि मयत. शवागाराचं भाडं दिवसावर चढतं, मृतदेह गाडी करून गावी न्यायचा, आलेल्या सगळ्यांना जेवू घालायचं. लगेच व्हॉट्सॲपवर गट निघतो, खजिनदार ठरतो आणि यादी फिरू लागते. ज्यानं एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यातून, पैसे पाठवले तो यादीखाली आपलं नाव आणि रक्कम जोडून अख्खी यादी पुन्हा टाकतो. कोण नाही, हे सगळ्यांना दिसतं. आज तुम्ही ५०० टाकले नाहीत, तर उद्या तुमच्या घरच्या मयतीला ती यादी चार नावांवर थांबते. हा त्यांचा विमाच आहे, हप्ता फक्त ठरल्या तारखेला येत नाही. गावाचं बंधन किती घट्ट, ते ओतिएनो खटल्यात दिसलं. नैरोबीतले हे नामांकित वकील डिसेंबर १९८६ मध्ये वारले. पत्नीला त्यांना शहराजवळ पुरायचं होतं. महिनोन्‌महिने खटला चालून १९८७ मध्ये त्यांच्या कुळाच्या बाजूनं निकाल लागला आणि दफन पश्चिम केनियात, सियायातल्या मूळ गावीच झालं. ते लुओ जमातीचे. पैसा शहरात कमावला तरी लुओ पुरुषाचं घर गावातच धरतात.

'दशमांश बंद करा' हा सल्ला तर देऊच नका. आजारपणात, लग्नात, मयतीत पहिले धावून येतात ते चर्चच्या गटातलेच. श्रद्धा बाजूला ठेवून निव्वळ हिशेब केला तरी ते पैसे वाया जात नाहीत.

बचत होते, पण एम-पेसावर पैसे यायच्या आधी कापली तरच. एम-पेसावर फुलिझाची, म्हणजे खात्यात पैसे नसताना मिळणारी उधारी असेल तर आलेली रक्कम आधी तीच गिळते. म्हणून पगार बँकेत द्या आणि पतसंस्थेचा, म्हणजे साकोचा हप्ता पगारातूनच कापा. साधारण ठेवीच्या तिप्पट कर्ज मिळतं, प्लॉट त्यातूनच होतो. घोटाळा होतो तो जामीनदारीत: मित्रानं कर्ज बुडवलं की ते तुमच्या ठेवीतून वळतं होतं. एका वेळी दोघांपेक्षा जास्त जणांना जामीन राहू नये, असं त्यांना स्पष्ट सांगा. चामा म्हणजे आपली भिशीच. त्यातली आपली पाळी जानेवारीत मागून घ्यावी.

हे सगळं नैरोबीतल्या ख्रिस्ती नोकरदाराचं. मोंबासाच्या मुस्लिम कुटुंबात दफन शक्यतो त्याच दिवशी होतं, त्यामुळे शवागाराचा खर्च नसतो आणि दशमांशाच्या जागी जकात असते. दारू किंवा मोबाइलवरच्या सट्ट्यात पगार उडवणारेही आहेतच. त्यांना यातलं काही लागू पडत नाही.

तुमच्या हातात आहे ते एवढंच: डिसेंबरचा बोनस एकदम देऊ नका. अर्धा नाताळाआधी द्या आणि अर्धा जानेवारीत, शाळा उघडायच्या आठवड्यात.