कोकराला फाशी, मेंढीलाही फाशी

अनेक आशीर्वाद.

दहा मिनिटं उशीर झाला तरी अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, हा नियम तू लावलास. आता उशीर झालेली माणसं थेट जेवणाच्या सुट्टीनंतर उगवतात, म्हणून पूर्ण दिवस कापू का, असं विचारतेस. नको. मुळीच नको!

‘फासावरच जायचं तर कोकरासाठी कशाला, मेंढीसाठी जावं’ ही इंग्रजी म्हण तुला निर्लज्जपणाची वाटली. अगं, ती निर्लज्ज केली कुणी? जॉन रे यांच्या १६७८ च्या इंग्रजी म्हणींच्या संग्रहात ती आहे, म्हणजे तेव्हाही जुनीच. इंग्लंडात मेंढीचोराला फाशी होई. १७४१ च्या कायद्याने फाशीतून सुटायच्या सवलतीची वाटही बंद केली. कोकरू उचला, मेंढी उचला, दोर तोच. मग उपाशी माणूस मोठं जनावरच उचलणार ना? तुझ्या कामगारांनी हाच हिशेब केला. शिक्षेला माप हवं, पोरी.

जरब तरी बसली का? घरातून ४० शिलिंगांची चोरी केली की फाशी, म्हणून ज्यूरीतली माणसं शपथ घेऊन महागडा माल ३९ शिलिंगांचा ठरवत. त्यांना माणूस मारायचा नव्हता. उद्या तुझा टाइमकीपर दहाची पाच मिनिटं लिहील, आणि तो सज्जन आहे म्हणूनच लिहील. तिथले खासदार सॅम्युअल रोमिली पार्लमेंटात हेच सांगत राहिले. १८१८ मध्ये ते गेले. मेंढीचोरीची फाशी १८३२ मध्ये रद्द झाली.

मलाही वरचे साहेब मवाळ म्हणायचे. एका फिटरने उशिरा पंच केलं, तर त्याला हाणामारी करणाऱ्याइतकंच निलंबन द्यायचं ठरलं. मी सही केली नाही. बढती लांबली, लांबू दे. तो फिटर मात्र दुसऱ्याच्या सहीने गेला आणि परत आला नाही. चांगला हात होता त्याचा, अजून जीव हळहळतो. मी मवाळ नव्हतो. उशिराला उशिराची शिक्षा आणि हाणामारीला हाणामारीची, एवढंच मागत होतो. माप!

आणि २०१९ च्या वेतन संहितेचं कलम २० वाचलंस का? १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यात हेच कलम ९ होतं. गैरहजेरी जितकी, कपात फार तर तितकीच. आधी तेच वाचायला हवं होतंस. सोमवारच्या आत जुनी नोटीस काढ, दहा मिनिटांचे दहाच मिनिटांचे पैसे काप, आणि आतापर्यंत जास्त कापलेले या पगारात परत दे. साहेब ओरडले तर कलम दाखव.