कोऱ्या कागदाची धास्ती वाटते, बंद पडलेली चित्रकला पुन्हा कशी सुरू करू?

कोऱ्या कागदावर सुरू करूच नका. रद्दीवर करा.

मी नारायण पेठेत एका छापखान्यात डिझाइन करते. दिवसभर लग्नपत्रिकेवरचे गणपती इकडचे तिकडे सरकवायचे. स्वतःचं चित्र आठ वर्षांत काढलं नव्हतं. वही आणायचे आणि पहिलं पान बिघडेल म्हणून कपाटात ठेवून द्यायचे.

मग लंडनच्या हॅटी स्टुअर्टचं काम बघितलं. ही बाई फॅशन मासिकांच्या मुखपृष्ठांवर थेट चित्रं काढते. मॉडेल गंभीर, आणि भोवती दात विचकणारी फुलं, डोळे, बदाम. पेपरातल्या हिरोइनला आपण मिशा काढायचो, तेच की! आपल्याला फक्त धपाटा मिळायचा. (न्यूयॉर्कचा चित्रकार कॉज तर १९९० च्या दशकात बसस्टॉपवरच्या फॅशनच्या जाहिराती काढून न्यायचा, त्यावर आपली कवटीछाप पात्रं रंगवायचा आणि परत लावून यायचा.)

रद्दीवाल्याकडून किलोवर जुनी मासिकं आणली. पहिल्या दिवशी साधं स्केचपेन घेतलं आणि फजिती झाली. मासिकाचा गुळगुळीत आर्ट पेपर शाई पीत नाही, हे छापखान्यात राहून मला कळायला हवं होतं! तळहात लागला आणि मॉडेलच्या गालावर निळा फराटा. मग अप्पा बळवंत चौकातून पोस्काचे मार्कर आणले. त्यांचा रंग अपारदर्शक, काळ्याभोर केसांवरही पांढरा उठून दिसतो. आधी खळखळून हलवायचा, टोक रद्दीवर दाबून रंग उतरवायचा. आणि खालचा थर वाळू द्या, घाई केली की तो उकलून येतो.

पहिलं अख्खं पान मी भरून टाकलं. बाई गायब, उरला नुसता गिफ्टपेपर. तेव्हा हॅटीची चित्रं पुन्हा नीट बघितली: काढते त्याइतकंच ती काय सोडते, ते बघण्यासारखं आहे. पुढच्या वेळी पैठणीची जाहिरात घेतली. चेहरा आणि बोटं सोडली, फक्त निऱ्यांवर एकेक चिमुकला मासा काढत गेले. निरी वळली तिथे मासाही आपोआप वळला. रेषा फोटोनेच पुरवली, मला फक्त तिच्यामागून जायचं होतं. रात्रीचा एक कधी वाजला, कळलं नाही.

आई आता वाचून झालेले दिवाळी अंक मला देते. दागिन्यांच्या जाहिराती माझ्या, कथांच्या पानांना हात लावायचा नाही, अशी ताकीद आहे.