फर्नेस बंद असताना काढलेली रांगोळी

प्रिय मीरा,

काल सकाळी बूट घालता घालता तू विचारलंस, "फर्नेस बंद आहे, बाबाच्या ऑफिसात माणसं कमी करतायत आणि तू दारात रांगोळी काढत बसलीस. आपलं सगळं छान चाललंय असं दाखवायचंय का कुणाला? नाटक नुसतं!" मग बस आली आणि तू पळालीस. घर तापवणारी भट्टी बंद, बाहेर कॅनडातल्या या कॅलगरीत उणे 27, कोण येणार होतं बघायला! प्रश्न लागला मला. तोंडी सांगायला गेले तर आपलं भांडण होईल, म्हणून लिहितेय.

मार्गशीर्षातला गुरुवार होता म्हणून काढली, हे खरंच आहे. पण तेवढ्याने तुझं समाधान होणार नाही. माझंही होत नाही.

तू आजीचं निफाड पाहिलंस ते जुलैत, चिखलातलं. डिसेंबरातलं वेगळं. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की त्यात निफाडचा आकडा असायचाच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला. 4-5 अंश. हसू नकोस. इथे अधिक 4 झालं की तू जॅकेट काखेत मारून हिंडतेस, ठाऊक आहे. पण आमच्या डोक्यावर पत्रे होते आणि दाराबाहेर द्राक्षाची बाग. ऑक्टोबरात छाटलेली बाग तेव्हा ऐन भरात असते. पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते आणि ज्यांत पाणी उतरायला लागलंय, म्हणजे जे पिकायला लागलेत, त्या मण्यांना तडे जातात. तडकलेला घड फुकटसुद्धा कुणी नेत नाही.

म्हणून रात्री लाईट आली की आबा मोटार चालू करायला जायचे. विहिरीचं पाणी कोमट असतं, ते सोडलं की बागेत जरा ऊब राहते. मामा पालापाचोळा पेटवून बांधाबांधाला धूर करायचा. आम्ही मुली गोधडीत. पलीकडे सोसायटीच्या कर्जाचं बोलणं चालायचं, दबक्या आवाजात, त्यामुळे प्रत्येक शब्द ऐकू यायचा. तुला वाटतं ना, रात्री आम्ही किचनमध्ये बोलतो ते वर पोचत नाही असं आम्हाला वाटतं? नाही वाटत.

आणि असल्या रात्रीनंतरही आजी पहाटे सडा टाकून अंगणात बसलेली असायची. दवाने रांगोळी ओलसर होऊन तिचे गोळे व्हायचे, म्हणून तिचा डबा चुलीच्या कडेला असायचा. गारठ्यात बोटं बधिर होतात. चिमूट किती सुटतेय ते कळतच नाही, रेघ मध्येच जाड होते. मग आजी उठून बंबाला दोन्ही हात लावायची, बोटं चोळायची आणि पुन्हा येऊन ती जाड रेघ नखाने कोरून बारीक करायची. आधी ठिपके, मग कुयरी, कडेला लक्ष्मीची पावलं. मी शेजारी कुडकुडत गेरूचा डबा धरून. मामाला कधी कुणी उठवलं नाही. तो रात्रभर बागेत असायचा हे कबूल, पण पावसाळ्यातही त्याला कुणी रांगोळीला उठवलं नाही. याचा राग मला तेव्हाही यायचा, आजही येतो.

मी सातवीत होते तेव्हा बागेचा एक कोपरा तडकला. त्या सकाळी मी आजीला जवळजवळ तुझ्यासारखंच विचारलं, की आज कशाला? ती म्हणाली, "दार ओकंबोकं दिसतं." एवढंच. पुढचं माझं मला हळूहळू कळलं. आमच्याकडे सुतक असलं की दारात रांगोळी नसते. म्हणजे रिकामं अंगण दिसलं की गल्ली विचारायला येणार. आणि बागेवर सौदा करायला येणारा व्यापारी बागेआधी घर बघतो. घर खचलेलं दिसलं की भाव पाडतो.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. दाखवायचंच होतं. तुझं ते 'नाटक' त्या घराला परवडण्यासारखं एकमेव कुंपण होतं. पण मग आजी परसदारी तुळशीपाशीही तितकीच निगुतीने का काढायची? तिथे व्यापारी जात नव्हता, गल्लीही नाही. ते मला आजवर नीट उलगडलेलं नाही. कदाचित दिवसभरात तेवढं एकच काम तिच्या मनासारखं होत असेल. कदाचित नुसती सवय असेल आणि मी उगाच तिला मोठं करतेय.

इथे मला भाव पाडणारा कुणी नाही. शेजारच्यांना तर ती बर्फावर टाकायच्या मिठाची पिशवी फुटली असं वाटलं होतं, आठवतंय? तरी काल फर्नेसवाल्याच्या फोनची वाट बघत हात चालत राहिले आणि त्या वेळात मी हिशेब केला नाही.

तू काढावीस असं अजिबात म्हणत नाही. बाबाच्या नोकरीचं मात्र त्यालाच विचार, त्याला सरळ विचारलेलं बरं वाटतं. फर्नेसचा माणूस उद्या दुपारी येतोय, तोवर हीटर तुझ्या खोलीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुला बायकांत बसायचं नसेल तर नको बसूस. तिळाच्या वड्या कापायला मात्र खाली ये, माझं मनगट दुखतंय.

तुझी,
आई