टायमर, घटका आणि आपला घंटा

दारव्ह्याकडच्या एका गावात राहून लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालणारी लायब्ररी (इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) सांभाळणाऱ्या वाचकाने विचारलंय: मराठी माहितीपुस्तिकेत 'थ्रेड-सेफ टायमर'ला, म्हणजे प्रोग्रामची अनेक कामं एकाच वेळी वेगवेगळ्या थ्रेडवर चालू असतानाही न बिघडणाऱ्या टायमरला, 'धागासुरक्षित कालमापक' म्हणावं का?

अजिबात नको. कालमापक नुसता मोजतो. टायमर मुदत भरली की काम सुरू करतो. पंपाच्या ऑटो-स्टार्टरमधल्या टायमरला वावरात कोणी कालमापक म्हणतं का? टायमर, थ्रेड तसेच राहू द्या. घोळ खरा 'वेळ' या शब्दाचा आहे. सकाळचे सहा हीही वेळ, आणि मधे गेलेली दहा मिनिटं हाही वेळ.

या दुसऱ्या अर्थासाठी आपल्याकडे घटका आहे, आणि लोक तिचा 'क्षण' करून टाकतात याचा मला मनस्वी राग येतो. घटका म्हणजे चोख २४ मिनिटं; ६० पळांची एक घटका, ६० घटकांचा दिवस. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका 'भरली'. घट, घटी, घडी, घड्याळ ही सगळी त्याच भांड्याची लेकरं.

आणि वऱ्हाडात 'दोन घंटे लागले' म्हटलं की पुण्याकडचे शुद्धलेखनवाले 'तास म्हणा, घंटा हिंदी' असं सुनावतात. तास तरी कुठला? फारसीतून आलेलं धातूचं भांडं, ज्यावर टोल द्यायचे! घंटा तर थेट संस्कृत. घटका, तास, घंटा, तिन्ही वाजणारी किंवा बुडणारी वस्तूच. एकीला सोवळं आणि दुसरीला हिणकस ठरवणं हे अडाणीपणाचं आहे.

तुमच्या कामाचं इथंच आहे. वाटीला किती वाजले ते ठाऊक नसतं, ती फक्त गेलेला काळ जाणते. लिनक्सचं क्लॉक मोनोटॉनिक, विंडोजचा क्वेरी परफॉर्मन्स काउंटर, मॅकचं माक ॲब्सोल्यूट टाइम हे संगणकातले मोजणीदार त्याच जातीचे. भारनियमनानंतर आतल्या घड्याळाचा सेल उतरलेला संगणक भलतीच तारीख घेऊन उठतो, नेट आलं की घड्याळ उडी मारतं. टायमर त्या घड्याळावर बांधला असेल तर मुदत एकतर लगेच भरते, नाहीतर भरतच नाही. म्हणून पुस्तिकेत मुदतीला 'घटका' नाही, तरी निदान 'अवधी' लिहा. 'वेळ' नको.

'रद्द' हा शब्दही जपून वापरा. एका थ्रेडने टायमर रद्द केला तेव्हा दुसऱ्या थ्रेडवर त्याचं काम आधीच सुरू झालेलं असू शकतं. 'रद्द' वाचून कोणी त्याची मेमरी सोडून दिली की प्रोग्राम कोसळला. 'यापुढे सुरू होणार नाही' आणि 'सुरू असलेलं संपेपर्यंत थांबतो' ही दोन वेगळी वाक्यं लिहा. आणि हेही ठळक लिहा की दुसरी कृती टायमरच्या स्वतःच्या कामातून बोलावली, तर तो स्वतःचीच वाट पाहत अडकून बसतो.