मुलाला घरीच शिकवायचं तर शाळेतून नाव काढावं, की सरकारी गृहाधारित शिक्षण घ्यावं?

ताई, मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, शाळा पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची उतरती वाट, उतरून खाली आहे, पावसात उचलून न्यायचं म्हणजे तुमचा जीव मुठीत. म्हणून नाव काढून आपणच शिकवावं, की नाव ठेवून गृहाधारित शिक्षण मागावं, असं तुम्ही विचारलंय. आम्ही गुहागर तालुक्यातले. माझी मुलगी याच वाटेने शिकतेय, म्हणून स्पष्टच सांगते: नाव काढू नका.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकायचा हक्क मिळाला. हा हक्क आपण मागायचा असतो. शाळेने 'घरीच ठेवा याला' म्हणून तो आपल्यावर लादायचा नसतो, एवढं पक्कं लक्षात ठेवा. खर्च समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून होतो. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्राकडून विशेष शिक्षक घरी येतात, बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात.

तासाभरासाठी येऊन शिक्षक काय शिकवणार, असं तुम्हाला वाटत असेल. आमच्या बाईंनी सुरुवातीला पुस्तक उघडलंच नाही. त्यांनी पोरीचं बसणं पाहिलं. खुर्चीवर तिचे पाय लोंबकळत होते आणि सगळा जोर तोल सांभाळण्यात जात होता. त्यांनी पायाखाली पाट सरकवला, दोन्ही कुशींना गोधडीच्या वळकट्या लावल्या, आणि मग तिचा उजवा हात सुटा झाला. समोर सुपात सुपाऱ्या ठेवल्या, एकेक उचलून वाटीत टाकायची नि मोजायची. सासूबाई शेजारीच बसून बघत होत्या. उरलेला आठवडा हे सगळं त्यांनीच चालवलं. शिक्षक येतात ते घरच्या माणसांना तयार करायला, हे त्या दिवशी मला कळलं. पुस्तकं आणून एकटीने शिकवायला बसले असते तर पायाखालचा पाट मला कधीच सुचला नसता.

आता यातली उणी बाजू. आमच्याकडे आषाढ-श्रावणात भेटी जवळजवळ बंदच पडायच्या. रस्ता खचला, एस.टी. नाही, फोनला रेंज नाही. म्हणून भेटींचं वेळापत्रक लेखी मागा आणि पावसाआधी दोन महिन्यांचा अभ्यास लिहून घ्या. बाकीचे दिवस तुमचेच आहेत. अंगणात शिकवा, आपल्या बोलीत गोष्टी सांगा, कोण अडवत नाही. स्वतः शिकवण्यात जी मोकळीक तुम्ही शोधताय, ती इथेही बरीचशी मिळते.

पुढे मुक्त शाळेची वाटही बंद होत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. थकणाऱ्या मुलांना हे फार सोयीचं. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, पण त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आत्ताच काढून ठेवा, दहावीच्या वर्षी धावाधाव नको.

अपंगत्व तीव्र किंवा बहुविध नसेल तर गृहाधारित शिक्षण मिळणार नाही. मग आधी शाळेकडे रॅम्पसाठी आणि ने-आण करण्यासाठी भांडा. तरीही घरीच शिकवायचं ठरलं तर मुक्त शाळा आहेच.

नाव पटावर असलं की मूल त्या वर्गाचं राहतं, मला याची किंमत सगळ्यात जास्त वाटते. गुरुजींना सांगून वर्गातल्या दोन-तीन मुलांना शनिवारी घरी बोलवा. स्नेहसंमेलनाला काहीही करून खाली न्या, वाडीतली पोरं उचलायला धावतात. आणि दर जूनला विचारा, यंदा आठवड्यातून एक दिवस तरी शाळेत बसवता येईल का?

मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचे कागद जोडा, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. दोन्हींवर पोच घ्यायला विसरू नका.