जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच का करावा?

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे, तिला इतर मागास प्रवर्गातून अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा आहे, आणि नॉन-क्रीमी लेयरचा (कुटुंबाचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा) दाखला आत्ताच काढून जात पडताळणीचे सीईटी या प्रवेश परीक्षेच्या निकालानंतर पाहावे, असा आपला विचार आहे. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा.

जात पडताळणीतून मिळणारे जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचे समितीचे प्रमाणपत्र, एकदा मिळाले की कायमचे असते. त्यामुळे ते लवकर काढण्यात काहीही वाया जात नाही. वेळ लागतो तो पुराव्यांना. आपल्या प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख महत्त्वाची आहे. त्यापूर्वीची जातीची नोंद, म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, अथवा तहसील कार्यालयातील कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, शोधावी लागते. जुनी नोंद मोडी लिपीत असली तर तिचे देवनागरीत लिप्यंतर आले, आणि आडनावात एका अक्षराचा फरक असला तरी खुलासा द्यावा लागतो. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल, तर मात्र काम बरेच सोपे होते. म्हणून आधी चुलत घराण्यात विचारपूस करावी.

निकालानंतर अर्ज केल्यास असंख्य विद्यार्थ्यांचे अर्ज एकाच वेळी जिल्हा जात पडताळणी समितीकडे येतात आणि प्रवेश फेरीच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. काही वर्षी शासनाने प्रमाणपत्र सादर करण्यास मुदत वाढवून दिली हे खरे, पण मुलीचा प्रवेश अशा सवलतीच्या भरवशावर ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

नॉन-क्रीमी लेयरचे गणित वेगळे आहे. त्याची मुदत 31 मार्चला संपते. एक वर्षाचा दाखला आत्ता काढलात, तर प्रवेशाच्या वेळी तो निरुपयोगी ठरेल. ती बारावीची परीक्षा देईल त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, नवे आर्थिक वर्ष सुरू होताच, उत्पन्नाच्या कागदपत्रांसह अर्ज करावा.

तेव्हा येत्या सुट्टीत गावी जाऊन शाळेचा उतारा मिळवावा, वंशावळीचे शपथपत्र तयार करावे आणि महाविद्यालयाच्या शिफारशीसह ऑनलाइन अर्ज भरावा. अर्जात आपलाच चालू मोबाइल क्रमांक द्यावा, कारण समितीने त्रुटी कळवली आणि ती कोणी पाहिलीच नाही, तर वेळेत केलेला अर्जही तसाच पडून राहतो.